‘स्टार ट्रेक’ आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’ : तुलना नेमकी कशाची करायची?

पुण्यातल्याच एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अवकाशयानावर घडणारी अमेरिकन विज्ञानकथा मालिका पाहिली होती आणि तिच्याविषयी ते आजही जिव्हाळ्याने बोलतात. मुलगी अकरावीत आहे आणि विज्ञानकथा आवडीने वाचते. म्हणून तिघांनी मिळून आधी १९६६ची मूळ मालिका आणि मग १९८७ची ‘द नेक्स्ट जनरेशन’ पाहायचे ठरवले. जुन्या मालिकेचा पहिला भाग लावला, तेव्हा नेपथ्य आणि राक्षसाची रंगभूषा पाहून मुलीला हसू आवरेना. नव्या मालिकेचा पहिला भाग आजोबांना थंड वाटला आणि नातीला लांबलेला. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत : यांतली खरोखर सरस मालिका कोणती, नवी मालिका ही जुनीचीच सुधारित आवृत्ती आहे का, आणि पाहायच्या तर कोणत्या क्रमाने पाहायच्या.

मी पटकथा लिहितो आणि पुण्यात पटकथालेखनाच्या कार्यशाळा घेतो. या दोन मालिका मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शेजारी शेजारी ठेवून दाखवत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर लेखनाच्या अंगाने जाणारे असेल. खगोलशास्त्र शिकलेल्या व्यक्तीने किंवा दृश्यपरिणामांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाने वेगळे उत्तर दिले, तर तेही चूक ठरणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण दोन मालिकांची तुलना केली असे आपल्याला वाटत असले, तरी प्रत्यक्षात आपण दोन पहिल्या भागांची तुलना केली आहे, आणि दोन्ही मालिकांच्या बाबतीत पहिला भाग हा फार दुबळा प्रतिनिधी आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवला गेलेला ‘द मॅन ट्रॅप’ हा चित्रीकरणाच्या क्रमाने पहिला नव्हताच. मिठासाठी माणसे मारणाऱ्या एका रूपबदलू प्राण्याची ती कथा आहे, आणि मालिकेच्या मनात जे चालले होते त्याचा अंदाज तिच्यातून फारसा येत नाही. ‘एन्काउंटर ॲट फारपॉइंट’ची अडचण वेगळी आहे. मूळ कथा लेखिका डी. सी. फोन्टाना यांची होती. एका परग्रहावरच्या तळामागे एक बंदिस्त जीव दडलेला असतो, एवढीच ती होती. भाग दोन तासांचा करायचा ठरल्यावर मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी तिच्यात ‘क्यू’ नावाच्या सर्वशक्तिमान पात्राने मानवजातीवर भरवलेला खटला घातला. दोन कथांचा सांधा नीट बसलेला नाही आणि तो सांधा आपल्या मुलीला जाणवला. तिचे निरीक्षण योग्य आहे.

मग तुलना कशाची करायची? नेपथ्य, वेशभूषा, यानांची छायाचित्रे यांची तुलना केली तर उत्तर आधीच ठरलेले असते, कारण दोहोंमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. कोणता कप्तान जास्त आवडतो या वादातूनही फार काही हाती लागत नाही. मला स्वतःला एकच प्रश्न उपयोगी वाटतो : कथेतला कठीण निर्णय नेमका कुठे घेतला जातो? जुन्या मालिकेत तो एका माणसाच्या मनात घेतला जातो, नव्या मालिकेत तो एका टेबलाभोवती घेतला जातो. या एका फरकातून दोन्ही मालिकांचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष निघतात, असे माझे मत आहे.

कप्तान कर्क, त्याचा तर्कनिष्ठ, अर्धा परग्रही सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय हे जुन्या मालिकेचे त्रिकूट कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. पहिला नमुना-भाग ‘द केज’ यात कर्क नव्हता. जेफ्री हंटर यांनी साकारलेला कप्तान पाइक होता. यानावरची दुय्यम अधिकारी ही एक अत्यंत थंड डोक्याची स्त्री होती, आणि त्या भागातला स्पॉक चक्क हसतो. एनबीसीने तो भाग नाकारला, पण दुसरा नमुना-भाग करण्याची संधी दिली, जे त्या काळी क्वचितच घडत असे. दुसऱ्या प्रयत्नात विल्यम शॅटनर कप्तान कर्क म्हणून आले, त्या स्त्रीचे पात्र गेले आणि तिचा भावनाशून्य तर्क स्पॉकच्या वाट्याला आला. डॉक्टर मॅकॉय तर त्यानंतर, प्रत्यक्ष मालिका सुरू झाल्यावर आले. म्हणजे एका बाजूला तर्क, दुसऱ्या बाजूला कळवळा आणि मध्ये निर्णय घेणारा माणूस ही रचना कोणी आधी कागदावर आखून ठेवलेली नव्हती. ती काम करताना सापडली, आणि सापडल्यावर लेखकांनी तिचे मोल ओळखले. दुसऱ्या पर्वापासून मॅकॉय साकारणारे डीफॉरेस्ट केली यांचे नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत येऊ लागले, यावरूनही ते दिसते.

या रचनेचा सर्वांत मोठा फायदा असा की मनातले द्वंद्व बाहेर, कॅमेऱ्यासमोर मांडता येते. कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरता येते, पटकथाकाराला ती सोय नसते. स्पॉक आणि मॅकॉय भांडतात तेव्हा वास्तविक कर्कचेच दोन विचार भांडत असतात. एप्रिल १९६७ मधला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. तिघेही १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. कर्कचे तिथल्या एडिथ कीलर या समाजसेविकेवर प्रेम जडते. मग स्पॉकला कळते की ती जगली तर तिच्या शांतता-चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. शेवटच्या प्रवेशात ती रस्ता ओलांडत असते, समोरून ट्रक येत असतो, मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. तर्क आणि कळवळा यांच्यामधली निवड इथे एका शारीरिक कृतीत उतरलेली आहे, आणि त्या क्षणी एकही स्पष्टीकरणाचा संवाद लागत नाही. विद्यार्थ्यांना मी हा प्रवेश आवाज बंद करूनही दाखवतो, आणि तरीही तो पूर्ण समजतो.

मुलीच्या हसण्याविषयी इथेच बोलतो, कारण नेपथ्याचा प्रश्न याच रचनेशी जोडलेला आहे. मालिकेकडे पैसा कमी होता. माणसे ग्रहावर क्षणात उतरवणारा ट्रान्सपोर्टरसुद्धा दर आठवड्याला अवकाशयान उतरवण्याचे चित्रीकरण परवडत नसल्यामुळे आला. भडक रंगांनाही कारण होते : एनबीसीची मालक कंपनी आरसीए ही रंगीत दूरचित्रवाणी संच बनवत होती, आणि रंगीत कार्यक्रम हे त्या संचांचे आकर्षण होते. पण रंगमंचावर आपण हे सहज स्वीकारतो. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत एक बाक कधी रेल्वेचा डबा होतो, कधी न्यायालय, आणि भरत नाट्य मंदिरातला कोणताही प्रेक्षक त्यावर आक्षेप घेत नाही, कारण त्याचे लक्ष माणसांमधल्या ताणाकडे असते. जुनी ‘स्टार ट्रेक’ त्याच नजरेने पाहायला हवी. ‘द डेव्हिल इन द डार्क’ (१९६७) मधला खडकासारखा सरपटणारा जीव पहिल्यांदा दिसतो तेव्हा मुलगी कदाचित पुन्हा हसेल. खाणकामगारांना मारणारा तो जीव आपली अंडी वाचवणारी आई आहे हे स्पॉकला तिच्या मनाशी मन जोडल्यावर कळते, त्यानंतर मात्र ती हसेल असे मला वाटत नाही. मी तरी आजवर त्या क्षणानंतर कोणाला हसताना पाहिलेले नाही.

आता नव्या मालिकेकडे वळू. १९८७ मध्ये परिस्थिती पूर्ण बदलली होती. ‘द नेक्स्ट जनरेशन’ कोणत्याही मोठ्या वाहिनीसाठी बनलेली नव्हती. पॅरामाउंटने ती थेट स्थानिक केंद्रांना विकली. त्यामुळे वाहिनीचा रोजचा हस्तक्षेप टळला आणि एका पर्वात सव्वीस भागांची खात्री मिळाली. मूळ मालिका तीन पर्वांत ७९ भागांवर संपली होती, आणि तिसरे पर्वसुद्धा प्रेक्षकांच्या पत्रमोहिमेनंतर मिळाले होते. तेही शुक्रवारी रात्री दहाच्या पडेल वेळेत आणि कमी पैशांत. नवी मालिका सात पर्वे, १७८ भाग चालली. एवढी जागा मिळाल्यावर लेखक काय करू शकतो, हा स्वतंत्र विषय आहे.

रचनेतला बदल मात्र जाणीवपूर्वक केलेला होता. कर्कची दोन माणसांत विभागणी झाली : विचार आणि अंतिम जबाबदारी कप्तान पिकार्डकडे, ग्रहावर उतरून धोका पत्करण्याचे काम त्याचा दुय्यम अधिकारी रायकर याच्याकडे. स्पॉकचेही असेच झाले. त्याचा तर्क डेटा या यंत्रमानवाकडे गेला, दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची शक्ती यानाची समुपदेशक ट्रॉय हिच्याकडे, आणि दोन संस्कृतींमध्ये अडकलेल्या माणसाची घुसमट माणसांत वाढलेल्या परग्रही वॉर्फकडे. डेटामध्ये एक उलटापालट आहे, जी मला फार मोलाची वाटते : स्पॉकला भावना आहेत आणि तो त्या दाबतो, डेटाला भावना नाहीत आणि त्याला त्या हव्या आहेत. नक्कल करणाऱ्या लेखकाला हे सुचत नाही. (रायकर आणि ट्रॉय ही जोडी आणखी मागे जाते. १९७७च्या सुमारास आखलेल्या आणि रद्द झालेल्या एका मालिकेत डेकर आणि इलिया ही पात्रे होती. ती १९७९च्या चित्रपटात आली, आणि त्यातली इलिया आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी केली होती. रायकर आणि ट्रॉय यांचे मूळ त्या दोघांत आहे.)

पण एक मोठी अडचण होती. चोविसाव्या शतकातली सुसंस्कृत माणसे आपापसांत क्षुद्र भांडणे करणार नाहीत, असा रॉडनबेरी यांचा आग्रह होता. विचार म्हणून तो उदात्त आहे आणि माझा त्याला मनापासून आदर आहे. पण नाट्य संघर्षातून येते, आणि स्पॉक-मॅकॉय यांचे सततचे खटके हाच तर जुन्या मालिकेचा प्राण होता. यानावरच्या माणसांत संघर्ष नको म्हटल्यावर तो बाहेरून आणावा लागतो, आणि बाहेरून आणलेला संघर्ष दर आठवड्याला नवा पाहुणा, नवा रोग, नवा शत्रू अशा साच्यात जातो. पहिल्या पर्वात नेमके हेच झाले. फोन्टाना आणि डेव्हिड जेरॉल्ड यांच्यासारखे जुन्या मालिकेचे जाणकार लेखक लवकरच बाहेर पडले. १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला, दुसरे पर्व बावीस भागांवर आले आणि त्यातला शेवटचा भाग तर बहुतांशी जुन्या दृश्यांच्या तुकड्यांवर उभा केलेला आहे.

‘ही सुधारित आवृत्ती आहे का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच काळानुसार बदलते. पहिल्या पर्वापुरते उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. पहिल्या भागानंतर लगेच आलेला ‘द नेकेड नाउ’ हा १९६६च्या ‘द नेकेड टाइम’ची उघड पुनरावृत्ती आहे. संसर्गामुळे सर्वांचे मनावरचे नियंत्रण सुटते आणि आतले बाहेर येते, ही कल्पना पात्रांचे बाह्यरूपच अजून ठाऊक नसताना वापरली, तर तिचा परिणाम साधत नाही. तिसऱ्या पर्वापासून मात्र उत्तर नि:संशय नकारार्थी आहे. त्या सुमारास मायकेल पिलर यांच्याकडे लेखनाची सूत्रे आली. त्यांनी बाहेरच्या, अननुभवी लेखकांच्या संहितांनाही दार उघडले (रोनाल्ड डी. मूर हे पुढे नावारूपाला आलेले लेखक त्याच दारातून आत आले) आणि प्रत्येक भाग यानावरच्या एखाद्या माणसाच्या अंतर्गत पेचाभोवती बांधला जाईल असे पाहिले. रॉडनबेरींचा नियम मोडला नाही. संघर्ष माणसामाणसांतून काढून माणसाच्या आत नेला. पटकथा शिकणाऱ्याने या युक्तीचा बारकाईने अभ्यास करावा.

इथवर जे सांगितले ते उदाहरणाने पटेल, म्हणून दोन न्यायालयीन भागांची जोडी सुचवतो. माझ्या कार्यशाळेत मी ही जोडी हमखास दाखवतो.

पहिला भाग जुन्या मालिकेतला ‘कोर्ट मार्शल’ (१९६७). कर्कच्या निष्काळजीपणामुळे फिनी नावाचा अधिकारी मेला असा आरोप आहे आणि यानाच्या संगणकातली नोंद कर्कच्या विरुद्ध आहे. बचावाचा वकील पुस्तकांवर प्रेम करणारा आहे, आणि यंत्रासमोर माणसाचे हक्क काय या विषयावर तो न्यायालयात घणाघाती भाषण करतो. उकल दोन मार्गांनी होते. स्पॉक संगणकाशी बुद्धिबळ खेळतो आणि पुन्हा पुन्हा जिंकतो. त्याच्यासारख्याला बरोबरीपलीकडे जाता येऊ नये, म्हणजे संगणकात कोणीतरी फेरफार केला आहे. मॅकॉय यानावरच्या प्रत्येक माणसाच्या हृदयाचा ठोका एकामागून एक ध्वनीतून वगळत जातो, आणि शेवटी एक जास्तीचा ठोका शिल्लक राहतो : फिनी जिवंत आहे आणि यानातच लपला आहे. बुद्धी आणि हृदय या दोघांनी आपापले काम केले. त्यानंतर कर्क एकटा खाली जातो, फिनीशी हातघाईची लढाई करतो आणि कोसळू पाहणारे यान वाचवतो. न्यायालय बाजूला राहते. माणूस कृतीतून निर्दोष ठरतो.

दुसरा भाग नव्या मालिकेतला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ (१९८९). तो संपाने ग्रासलेल्या त्याच दुसऱ्या पर्वातला आहे, आणि तो लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करत असत. मॅडॉक्स नावाच्या संशोधकाला डेटाचे सुटे भाग करून अभ्यास करायचा आहे. डेटा राजीनामा देतो. पण तो व्यक्ती आहे की स्टारफ्लीट या अवकाशदलाची मालमत्ता, हाच प्रश्न उभा राहतो, कारण मालमत्ता राजीनामा देऊ शकत नाही. जुन्या भागात यंत्र माणसाविरुद्ध साक्ष देत होते, इथे यंत्रच कठड्यात उभे आहे. तळावर पुरेसे कर्मचारी नसल्यामुळे पिकार्डला बचाव करावा लागतो आणि रायकरला आपल्याच मित्राविरुद्ध बाजू मांडावी लागते. त्याने नकार दिला तर न्यायाधीश डेटाला तिथल्या तिथे मालमत्ता ठरवणार. रायकर प्रामाणिकपणे काम करतो, डेटाचा हात काढून दाखवतो आणि एक कळ दाबून त्याला बंद करतो. मित्रांमध्ये भांडण नाही, द्वेष नाही, आणि तरीही तो क्षण असह्य आहे. रॉडनबेरींचा नियम पाळून संघर्ष किती खोल नेता येतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. पिकार्डला तोड सापडते तीही एकट्याला नाही. यानावरचे मद्यगृह चालवणाऱ्या गायननशी बोलताना तिच्या प्रश्नांमुळे त्याच्या लक्षात येते की एका डेटाचा निकाल हा उद्याच्या हजारो डेटांच्या गुलामगिरीचा निकाल आहे. मग युक्तिवाद होतो आणि युक्तिवादानेच खटला संपतो. मारामारी नाही, यानाला धोका नाही.

हे दोन भाग पाहून झाले की विद्यार्थ्यांना मी विचारतो की कप्तान काढून टाकला तर कोणती कथा उभी राहील. ‘कोर्ट मार्शल’ कोसळते. ‘द मेझर ऑफ अ मॅन’मध्ये दुसरा एखादा समर्थ वकील आला असता तरी प्रश्न तितकाच मोठा राहिला असता. एका मालिकेची परीक्षा माणसाची आहे, दुसरीची तत्त्वाची. मला स्वतःला दुसरा भाग जास्त परिपूर्ण वाटतो. पण हृदयाचे ठोके वगळण्याचा तो प्रवेश पडद्यावर ज्या ताकदीने उभा राहतो, तसा प्रवेश नव्या मालिकेत शोधावा लागतो.

या फरकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. निर्णय टेबलाभोवती नेल्याने काही वेळा तो थंड होतो. इतर संस्कृतींच्या विकासात हस्तक्षेप करायचा नाही, हा दलाचा मूलभूत नियम जुन्या मालिकेतच १९६७ मध्ये आला. कर्क तो वरचेवर वाकवतो. ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’मध्ये दोन ग्रह पाचशे वर्षे संगणकावर युद्ध खेळत आहेत आणि ‘मृत’ ठरलेले नागरिक शिस्तीने मरणकक्षात चालत जात आहेत, हे पाहून तो सरळ ते संगणक नष्ट करतो. कायद्याने हे चूक आहे, पण त्याचा संताप माणसाचा आहे. पिकार्ड ‘हू वॉचेस द वॉचर्स’मध्ये (१९८९) वेगळ्याच मार्गाने जातो : एक समाज त्याला देव समजू लागतो, तेव्हा आपण मर्त्य आहोत हे पटवण्यासाठी तो बाण अंगावर घ्यायला तयार होतो. तत्त्व आणि माणुसकी इथे एकाच माणसात नांदतात. सातव्या पर्वातल्या ‘होमवर्ड’मध्ये मात्र तोच नियम पाळण्यासाठी एक संपूर्ण समाज डोळ्यांसमोर मरू द्यायला हे सर्व सज्जन लोक तयार होतात, आणि त्यांना अडवणाऱ्या माणसालाच दोषी धरतात. कर्कच्या यानावर मॅकॉयने असे घडू दिले नसते. टेबलाभोवती मॅकॉय नसला की काय होते ते या भागात दिसते, आणि मला तो भाग पाहताना त्रास होतो.

घटनेचे परिणाम पुढच्या भागांत नेण्याच्या बाबतीत नवी मालिका निर्विवाद पुढे आहे. दोन भाऊ पाहा. ‘ऑपरेशन ॲनायलेट’मध्ये कर्कला आपला भाऊ मृतावस्थेत सापडतो, आणि त्याच भागाच्या शेवटच्या प्रवेशात ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, हलकाफुलका संवाद होतो. त्या काळी प्रत्येक भाग स्वतःत पूर्ण व्हायला हवा असे, त्यामुळे दुःखाला पुढच्या आठवड्यात जागा नव्हती. १९९०च्या ‘फॅमिली’मध्ये पिकार्ड बॉर्ग या शत्रूच्या कैदेतून सुटल्यानंतर फ्रान्समधल्या आपल्या घरी भावाकडे जातो. त्याला जे सोसावे लागले त्याची लाज आणि वेदना द्राक्षमळ्यातल्या चिखलात, भावाशी झालेल्या झटापटीत बाहेर पडते. त्याच्या कथेत ना शत्रू आहे ना लढाई. हा भाग १९६७ मध्ये कोणी मंजूरच केला नसता.

विज्ञान किती खरे, हा प्रश्न ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या गावात निघणारच, पण तो मी लांबवत नाही. दोन्ही मालिका विज्ञानाचा आधार घेऊन माणसांविषयी बोलतात. नव्या मालिकेच्या कमकुवत भागांत मात्र पेच सोडवायला अगम्य तांत्रिक शब्दांची रास येते, आणि तसा भाग लागला की तो खुशाल अर्धवट सोडावा.

आपली मुलगी पाहणार आहे म्हणून आणखी एक सांगतो. १९६६ मध्ये यानाच्या ब्रिजवर एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी बसलेली असणे ही फार मोठी गोष्ट होती. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स मालिका सोडणार होत्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितले, असे त्यांनीच नंतर सांगितले आहे. त्याच मालिकेचा शेवटचा भाग स्त्रीला कप्तानपद मिळत नाही असे गृहीत धरतो. नवी मालिका याबाबत सुधारलेली आहे, पण पहिल्या पर्वात सुरक्षाप्रमुख टाशा यार गेल्यानंतर मुख्य स्त्रीपात्रांकडे डॉक्टर आणि समुपदेशक ही शुश्रूषेचीच कामे उरली. या गोष्टी दडवून न ठेवता मुलीबरोबर त्यांवर बोलावे.

सरस कोणती, याचे उत्तर प्रेक्षकावर अवलंबून आहे, आणि आपल्या घरात तीन वेगळे प्रेक्षक आहेत. जुन्या मालिकेचे उत्तम दहा भाग नव्या मालिकेच्या उत्तम दहा भागांच्या तोडीचे आहेत. पण सलग पाहायला बसल्यास, तिसऱ्या ते सहाव्या पर्वापर्यंत नवी मालिका जितकी सातत्याने चांगली राहते, तितके सातत्य जुन्या मालिकेला तिच्या तिसऱ्या पर्वात राखता आले नाही.

क्रमाचे म्हणाल, तर पहिल्या भागापासून सलग जाऊ नका. जुन्या मालिकेतून ‘बॅलन्स ऑफ टेरर’, ‘द डेव्हिल इन द डार्क’ आणि ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ पाहा. मग वर सांगितलेली न्यायालयाची जोडी लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा. त्यानंतर नव्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीपासून सलग पुढे जा. ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्‌स’चे दोन भाग आणि लगेच ‘फॅमिली’ यांत खंड पडू देऊ नका. ‘द इनर लाइट’ (१९९२) हा ह्युगो पुरस्कार मिळालेला भाग मात्र पिकार्डची चांगली ओळख झाल्यानंतरच पाहा, कारण त्यात तो एक संपूर्ण परके आयुष्य जगतो, आणि त्याचे मूळ आयुष्य ठाऊक नसेल तर तो भाग अर्धाच कळतो. आजोबांना नवी मालिका परकी वाटत राहिली, तर ‘रेलिक्स’ दाखवा. जुन्या यानाचा अभियंता स्कॉटी त्यात पंचाहत्तर वर्षांनी नव्या यानावर येतो आणि आपण इथे निरुपयोगी आहोत हे त्याला जाणवते. दोन्ही मालिकांतला फरक एका जुन्या माणसाच्या नजरेतून दाखवणारा तो भाग आहे.

प्रतीविषयी एवढेच : जुन्या मालिकेची २००६ नंतर नव्याने सुधारलेली आवृत्ती आहे, तिच्यात अवकाशातली दृश्ये संगणकावर पुन्हा केलेली आहेत. ब्ल्यू-रेवर मूळ आणि नवी दोन्ही दृश्ये निवडता येतात. मी मूळ दृश्येच सुचवीन, कारण त्यांचा प्रकाश आणि दाणा अभिनेत्यांच्या दृश्यांशी जुळतो. नव्या मालिकेच्या बाबतीत उलट करा. तिचे चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले असले तरी संकलन आणि दृश्यपरिणाम व्हिडिओटेपवर झाले होते, त्यामुळे जुन्या डीव्हीडीतले चित्र धूसर दिसते. २०१२ पासून आलेल्या ब्ल्यू-रेसाठी मूळ निगेटिव्हवरून प्रत्येक भाग नव्याने जुळवला गेला. शक्य असेल तर त्याच आवृत्तीतून पाहा; पिकार्डच्या चेहऱ्यावरचे बारीक बदल धूसर प्रतीत हरवतात, आणि पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचा बराचसा अभिनय त्या बदलांतच आहे.